क्लेव्हिओस पीएच १०००: चेतापेशींचे संकेत टिपणारी निळी बाटली, नीट तपासून

चेतापेशींचे विद्युत-संकेत टिपणारे पातळ इलेक्ट्रोड बनवायचे असोत की सेंद्रिय इलेक्ट्रोकेमिकल ट्रान्झिस्टर (द्रवातल्या आयनांनी प्रवाह कमी-जास्त करणारे), प्रयोगशाळेत पहिली मागणी बहुतेक वेळा एकाच वस्तूची जाते: जर्मनीच्या हेरेउस कंपनीचं क्लेव्हिओस पीएच १०००. बाटलीत पाण्यात विखुरलेले पेडॉट-पीएसएस या वीज वाहणाऱ्या पॉलिमरचे कण असतात. रंग गडद निळा, इतका की काचेला लागलेला थेंब सुकला तरी डाग लांबून दिसतो. निकाल आधीच सांगून टाकू. ट्रान्झिस्टर किंवा अख्ख्या वेफरभर (गोल पातळ चकतीभर) एकसारखे इलेक्ट्रोड बनवायचे असतील तर हीच बाटली घ्यावी. हाताशी तयार धातूचे दहा-वीस इलेक्ट्रोड असतील आणि फक्त त्यांचा इम्पिडन्स (बदलत्या प्रवाहाला होणारा अडथळा) उतरवायचा असेल, तर हिच्यावर पैसे घालू नयेत. त्यासाठी स्वस्त आणि जास्त चांगला मार्ग आहे, तो पुढे येईलच.

दुसरी गोष्ट म्हणजे, हा माल तयार नाही, कच्चा आहे. बाटलीतून काढून थेट काचेवर पसरवला आणि सुकवला, तर त्या थराची वाहकता १ सीमेन्स प्रति सेंटीमीटरच्याही खाली राहते आणि पाण्यात बुडवल्यावर थर सुटून येतो. म्हणजे चेतापेशींच्या कामासाठी लागणारे दोन्ही गुण बाटलीत नाहीत, ते आपल्याला आणावे लागतात. त्यामुळे या परीक्षणात बाटलीपेक्षा तिच्यात काय घालायचं, कधी घालायचं आणि कुठे फसतं यालाच जास्त जागा दिली आहे.

उत्पादकाच्या माहितीपत्रकातले महत्त्वाचे आकडे असे: घन भाग वजनाने १ ते १.३ टक्के, पेडॉट आणि पीएसएसचं वजनी प्रमाण १ : २.५, पीएच १.५ ते २.५, कणांचा आकार साधारण ३० नॅनोमीटर, आणि ५ टक्के डीएमएसओ (वाहकता वाढवणारं द्रावक) घातल्यावर वाहकता किमान ८५० सीमेन्स प्रति सेंटीमीटर. हिशेब मांडून पाहा. घन भाग १.२ टक्के धरला तर १०० ग्रॅम मालात १.२ ग्रॅम पॉलिमर. त्यातलं पेडॉट जेमतेम ०.३४ ग्रॅम, उरलेलं ०.८६ ग्रॅम पीएसएस, बाकी सगळं पाणी. वीज वाहणारं पेडॉट आहे, तर पीएसएस त्याला पाण्यात धरून ठेवतं आणि त्याच्यावरच्या धन प्रभाराला तोलतं. पीएसएस आम्ल आहे, पाणी ओढून घेणारं आहे आणि जास्त आहे. या बाटलीच्या बहुतेक तक्रारींचं मूळ याच तीन गोष्टींत सापडतं.

इतिहास थोडक्यात सांगायला हवा, कारण त्यातून बाटलीचा स्वभाव कळतो. पेडॉट १९८०च्या दशकाच्या अखेरीस बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झालं आणि त्याचा पहिला मोठा उपयोग फोटोफिल्मवर स्थिर वीज साचू नये म्हणून द्यायच्या लेपासाठी झाला. तेव्हा व्यापारी नाव होतं बायट्रॉन. पुढे हा धंदा एच. सी. स्टार्ककडे गेला आणि २०१० साली हेरेउसकडे आला. म्हणजे हा माल फिल्म, पडदे, कपॅसिटर यांच्यासाठी घडवला गेला. जिवंत ऊतींसाठी त्याचा वापर संशोधकांनी नंतर शोधला. म्हणून माहितीपत्रकात कोरड्या थराची वाहकता मिळते, पण खारट पाण्यात बुडवलेल्या थराची धारिता (प्रभार साठवण्याची क्षमता), फुगणं किंवा टिकाऊपणा याबद्दल एक ओळही नसते. नेमकं तेच आपल्याला हवं असतं.

आता त्या ८५० बद्दल. खरेदी करताना सगळ्यांची नजर या आकड्यावर खिळते, आणि इलेक्ट्रोडच्या बाबतीत तो आकडा जवळजवळ निरुपयोगी आहे. २० × २० मायक्रॉनचा सोन्याचा इलेक्ट्रोड घ्या, म्हणजे क्षेत्रफळ ४०० वर्ग मायक्रॉन. त्यावर ३०० नॅनोमीटर जाड थर आहे. प्रवाह या थरातून आडवा धावत नाही, वरून खाली सोन्यापर्यंत जातो, म्हणजे फक्त ३०० नॅनोमीटर. वाहकता १ सीमेन्स प्रति सेंटीमीटर इतकी कमी धरली तरी या वाटेचा रोध येतो ७.५ ओम. फिरवून चढवलेल्या थरात उभ्या दिशेची वाहकता आडव्यापेक्षा बरीच कमी असते हे खरं. तरी ती हजार पटींनी कमी धरली, तरी रोध ७.५ किलोओमच्या पुढे जात नाही. एवढ्याशा इलेक्ट्रोडचा इम्पिडन्स ठरवते ती धारिता. पेडॉट-पीएसएसचं खरं वैशिष्ट्य असं की आयन त्याच्या पृष्ठभागावर न थांबता आत शिरतात, त्यामुळे धारिता क्षेत्रफळावर नव्हे तर घनफळावर मिळते: साधारण ४० फॅरड प्रति घन सेंटीमीटर. वरच्या इलेक्ट्रोडला हे लावलं तर धारिता येते ४.८ नॅनोफॅरड, आणि १ किलोहर्ट्झला तिचा हिस्सा ३३ किलोओम. त्यात खारट द्रवाचा स्वतःचा रोध मिळवायचा. पीबीएसमध्ये (शरीरद्रवासारख्या खारट द्रावणात) या मापाला तो १५ किलोओमच्या आसपास असतो. एकूण ३६-३७ किलोओम. उघड्या सोन्याची धारिता २० मायक्रोफॅरड प्रति वर्ग सेंटीमीटर धरली तर तोच इलेक्ट्रोड २ मेगाओमच्या घरात जातो. इम्पिडन्स पन्नासपट उतरला, आणि यात ८५० या आकड्याचा काहीही हात नाही.

ट्रान्झिस्टरची गोष्ट वेगळी. तिथे प्रवाह थरातून आडवा, सोर्सकडून ड्रेनकडे, म्हणजे एका टोकाच्या जोडणीकडून दुसऱ्या टोकाच्या जोडणीकडे, जातो. तिथे वाहकता थेट कामाला येते आणि तिच्यासाठी घटकांकडे बारकाईने पाहावं लागतं.

बाटली आल्यावर सील फोडण्याआधी ती तिरपी करून काचेवरून उतरणारा पातळ पडदा पाहावा. तो एकसंध निळा उतरायला हवा. बारीक गुठळ्या, दाणे किंवा तळाशी जेलीसारखा थर दिसला तर माल वाटेत गोठला असण्याची शक्यता फार. उन्हाळ्यात मुंबई-पुण्याकडे येणाऱ्या पार्सलला उकाडा लागेल अशी भीती सगळ्यांना असते. या मालाचा खरा शत्रू मात्र थंडी आहे. गोठून वितळल्यावर कण एकमेकांना धरून बसतात आणि कितीही हलवलं, सोनिकेटरमध्ये ठेवलं तरी पूर्ववत होत नाहीत. म्हणून पुरवठादाराला मागणीपत्रातच 'गोठू देऊ नये' असं लिहून द्यावं, आणि आपल्याकडे २ ते ८ अंशांवर, फ्रीजरच्या कप्प्यापासून लांब, मधल्या फळीवर ठेवावं. जुन्या फ्रीजच्या मागच्या भिंतीला बर्फ धरतो, तिथे टेकवून ठेवलेली बाटली हमखास वाया जाते. बाटली काढल्यावर झाकण उघडायच्या आधी ती खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी. लॉट क्रमांक वहीत लिहावा, कारण दोन लॉटच्या घन भागात १ आणि १.३ असा फरक पडू शकतो, आणि तेवढ्यानं थराची जाडी बदलते. वर्षभराच्या मालिकेचे प्रयोग असतील तर सगळे एकाच लॉटवर उरकावेत.

आता कृती. २० मिलिलिटरचं मिश्रण धरू. पीएच १००० अर्ध्या मायक्रॉनपेक्षा बारीक, म्हणजे ०.४५ मायक्रॉनच्या, पाणी झेलणाऱ्या सिरिंज फिल्टरमधून गाळून १९ मिलिलिटर घ्यावं. साधा पीटीएफई फिल्टर पाणी ओढत नाही, त्यात माल अडकतो आणि जोर लावला की फिल्टर फाटतो. त्यामुळे पीव्हीडीएफ किंवा रीजनरेटेड सेल्युलोज वापरावा, तोही पाणस्नेही प्रकारचा. मग १ मिलिलिटर एथिलीन ग्लायकॉल, म्हणजे ५ टक्के. त्यामुळे सुकताना पेडॉटच्या साखळ्या लांब पसरतात, एकमेकींना लागतात आणि वाहकता शेकडो पटींनी वाढते. त्यानंतर डीबीएसए ०.१ टक्का, म्हणजे २० मायक्रोलिटर. हे साबणासारखं काम करतं, पृष्ठताण कमी करून थर काचेवर सारखा पसरवतं. पण ते मधासारखं घट्ट असतं. पिपेटने २० मायक्रोलिटर ओढलं तर निम्मं टोकाच्या आतच चिकटून राहतं, आणि एकाच कृतीचे दोन दिवसांचे थर वेगळे येण्याचं हे सगळ्यात सामान्य कारण आहे. तराजूवर बीकर ठेवून वजनावर घालावं, साधारण २१ मिलिग्रॅम. मग सोनिकेटरमध्ये दहा ते पंधरा मिनिटं, आणि बुडबुडे वर येऊन फुटेपर्यंत पाच-दहा मिनिटं शांत ठेवायचं.

गॉप्स शेवटी. हा सिलेन आहे, त्याच्या एका टोकाला इपॉक्सी आणि दुसऱ्या टोकाला मेथॉक्सी गट. भाजताना तो पीएसएसला बांधतो, स्वतःशीच जाळं विणतो आणि काचेच्या हायड्रॉक्सिल गटांनाही धरतो. म्हणूनच थर पाण्यात टिकतो. १ टक्का, म्हणजे २० ग्रॅम मिश्रणाला ०.२ ग्रॅम, साधारण १९० मायक्रोलिटर. १ टक्का म्हटलं की चवीपुरतं मीठ वाटतं, पण आठवा, बाटलीत पॉलिमरच मुळी १.२ टक्के आहे. पाणी आणि ग्लायकॉल उडून गेल्यावर जो थर उरतो त्यात जवळजवळ पॉलिमरच्या बरोबरीचा गॉप्स असतो. वाहकता का घसरते, धारिता का कमी येते, थर काचेसारखा कडक का होतो, याचं उत्तर याच हिशेबात आहे. आधी ०.५ टक्क्यावर करून पाहावं, पाण्यात रात्रभर तपासावं, आणि सुटत असेल तरच १ कडे जावं. १ च्या वर जाण्याची गरज पडत असेल तर दोष बहुतेक वेळा गॉप्समध्ये नसतो, पृष्ठभागाच्या स्वच्छतेत असतो.

गॉप्स पाण्यात गेल्याक्षणी त्याचं विघटन आणि जोडणी सुरू होते. तासाभरात मिश्रण वापरून संपवावं. उरलेलं फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी वापरणं ही काटकसर महागात पडते. थर ठिपकेदार येतो, आणि त्या ठिपक्यांवर इन्सुलेशनखाली पाणी शिरतं. ओळखायची साधी खूण म्हणजे थर देण्याआधीच्या शेवटच्या गाळणीला सिरिंज दाबताना नेहमीपेक्षा जास्त जोर लागला की मिश्रण टाकून द्यावं. जोर लावून गाळलेलं मिश्रण स्वच्छ दिसतं, पण त्यातला बराचसा पॉलिमर गाळणीतच राहिलेला असतो आणि थर पातळ उतरतो.

थर देण्याआधी काच किंवा पॅरिलीनवर (पातळ प्लास्टिकच्या पडद्यावर) ऑक्सिजन प्लाझ्मा, एक-दोन मिनिटं, आणि लगेच पुढचं काम. प्लाझ्मानंतर जेवायला गेलं की पृष्ठभाग पुन्हा पाणी टाळायला लागतो आणि थर कडांवरून मागे सरकतो. मग स्पिन कोटरवर, म्हणजे काच वेगाने फिरवून थर पसरवणाऱ्या यंत्रावर, १५०० ते ३००० फेरे प्रति मिनिट, ३० सेकंद. एका थराला शंभर नॅनोमीटरच्या आसपास जाडी मिळते, पण आपल्या यंत्रावर प्रोफाइलोमीटरने मोजल्याशिवाय आकडा लिहू नये. जाड थर हवा असेल तर फेरे कमी करून एकदाच जाड ओतण्यापेक्षा तीन-चार थर द्यावेत, आणि प्रत्येक दोन थरांमध्ये ११० ते १२० अंशांवर एक मिनिट भाजून, थंड करून मग पुढचा. थंड न करता दुसरा थर ओतला तर मध्यभागी गोल कडी उमटते. शेवटी १४० अंशांवर एक तास. हॉटप्लेटच्या पडद्यावरचं तापमान आणि काचेवरचं तापमान यात दहा-पंधरा अंशांचा फरक असू शकतो. १२० वर तासभर भाजलेला थर दिसायला तसाच असतो, पण पाण्यात गेला की कडेने उलगडतो.

भाजल्यानंतरची पायरी सगळ्यात जास्त वगळली जाते आणि जिवंत पेशींसाठी तीच सगळ्यात महत्त्वाची: डीआय (आयन काढलेल्या) पाण्यात रात्रभर बुडवून ठेवणं, पाणी दोन-तीनदा बदलत. सुटं पीएसएस, उरलेला डीबीएसए, न जोडलेला गॉप्स सगळं यात निघून जातं. सुरुवातीचं पाणी पीएच पट्टीने तपासलं तर आम्लता दिसते. ती दिसेनाशी होईपर्यंत पाणी बदलायचं. डीबीएसए पेशींचं आवरण फोडतो. न धुतलेल्या थरावर पेशी मेल्या तर दोष पेडॉटला दिला जातो, आणि असे निष्कर्ष नंतर बरेच दिवस लोकांच्या तोंडी राहतात.

दोषांपैकी धूमकेतूसारखी शेपटी उमटणं म्हणजे धूळ किंवा गुठळी. गोल छिद्रं म्हणजे बुडबुडे, सोनिकेटरनंतर थांबलं नाही म्हणून. सोन्यावरून थर सुटतो आणि काचेवर टिकतो, याचं कारण असं की गॉप्सला धरायला सोन्यावर हायड्रॉक्सिल गट नसतात. म्हणून थराची कड कधीही सोन्यावर संपवू नये. ती काचेवर किंवा पॅरिलीनवर काही मायक्रॉन पुढे यावी, म्हणजे तिथे पकड मिळते. आयटीओ (पारदर्शक वाहक ऑक्साइड) आणि अॅल्युमिनियमवर हा माल घालणं टाळावं, पीएच २ चं आम्ल दोघांनाही खातं. तांब्याची तर गोष्टच नको. सोनं किंवा प्लॅटिनम, खाली क्रोमियम किंवा टायटॅनियमचा पातळ थर, एवढंच चालतं.

पावसाळ्यात कोकणपट्टीत, म्हणजे मुंबई, रत्नागिरी, गोवा या भागात काम करणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की धरावी. पीएसएस हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे भाजून ठेवलेला थर दोन तासांत वेगळा रोध दाखवतो. चार सुयांच्या प्रोबने शीट रोध मोजायचा तर हॉटप्लेटवरून काढून, थंड होताच मोजावा किंवा डेसिकेटरमधून काढून ठरावीक मिनिटांत. जाडी १०० नॅनोमीटर आणि वाहकता ८५० असेल तर शीट रोध ११८ ओम प्रति चौरस यायला हवा. गॉप्स घातलेल्या थरात त्याच्या काही पट आकडा येणं स्वाभाविक आहे. पण एकाच कृतीत जुलैचा आकडा डिसेंबरच्या दुप्पट आला तर आधी ओलाव्याकडे पाहावं, मग घटकांकडे. वेफर प्लाझ्मातून काढल्यावर स्पिन कोटरपर्यंत नेईस्तोवर त्यावर दव धरेल इतकी दमट खोली असेल तर डीह्युमिडिफायरशिवाय हे काम करू नये.

तपासणीसाठी पीबीएसमध्ये तीन इलेक्ट्रोडची मांडणी: संदर्भाला सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड, प्रतिइलेक्ट्रोडला प्लॅटिनम, १० मिलिव्होल्टचा संकेत, १ हर्ट्झ ते १०० किलोहर्ट्झ. फक्त १ किलोहर्ट्झचा एक आकडा छापून मोकळं होण्याची सवय वाईट आहे. कला, म्हणजे फेज, सोबत बघावी. चांगल्या थरात खालच्या वारंवारितेला फेज उणे ९० कडे झुकते आणि वरच्या बाजूला शून्याकडे येते, तिथे फक्त द्रवाचा रोध उरलेला असतो. वरच्या बाजूलाही फेज खालीच राहिली तर तार, पॅड किंवा इन्सुलेशनची परोपजीवी धारिता शिरली आहे. मग उणे ०.६ ते अधिक ०.८ व्होल्टमध्ये सायक्लिक व्होल्टामेट्री (विद्युतदाब पुढे-मागे फिरवत प्रवाह मोजणं), हजार फेऱ्या, आणि पहिल्या व हजाराव्या आलेखाचं क्षेत्रफळ शेजारी ठेवून पाहावं. क्षेत्रफळ हळूहळू घटलं तर थर कडेने सुटतोय. एकदम कोसळलं तर विद्युतदाब जास्त झाला आणि पेडॉटचं अतिऑक्सिडीकरण झालं, ते परत येत नाही.

ट्रान्झिस्टरमध्ये या मालाची खरी मजा आहे. पहिला इलेक्ट्रोकेमिकल ट्रान्झिस्टर १९८४ साली मार्क राइटन यांच्या गटाने पॉलिपायरोलवर केला होता. पेडॉट-पीएसएसने ती कल्पना पातळ, छापता येण्याजोगी आणि पाण्यात टिकणारी केली. गेट, म्हणजे नियंत्रण करणारा इलेक्ट्रोड, शून्यावर असताना हा ट्रान्झिस्टर चालू असतो. गेटला धन दाब दिला की द्रवातले धन आयन थरात शिरतात, पीएसएसचा प्रभार तोलायला पेडॉटची गरज उरत नाही, आणि प्रवाह उतरतो. इथे जाडी दोन्ही बाजूंनी बोलते: जाड थर म्हणजे जास्त ट्रान्सकंडक्टन्स (गेटच्या दाबातल्या बदलाला प्रवाहाचा प्रतिसाद), पण आयनांना आत-बाहेर यायला जास्त वेळ. मेंदूच्या पृष्ठभागावरच्या संथ लहरींसाठी ४०० नॅनोमीटर चालतं. एकेका पेशीच्या मिलिसेकंदभराच्या स्पाइकसाठी (विद्युत-ठोक्यासाठी) शंभराच्या आसपास थांबावं आणि चॅनेल लहान करावा. २०१३ साली फ्रान्समधल्या गार्डानच्या संशोधकांनी अशाच ट्रान्झिस्टरने उंदराच्या मेंदूवरून थेट नोंदी घेतल्या, आणि २०१५ मध्ये न्यूरोग्रिड नावाच्या ४ मायक्रॉन जाडीच्या पडद्याने कॉर्टेक्सच्या (मेंदूच्या बाह्य थराच्या) पृष्ठभागावरूनच, आत न टोचता, एकेका चेतापेशीचे स्पाइक टिपले. दोन्हींत पेडॉट-पीएसएसच होतं. एक धोका मात्र लक्षात ठेवावा. गेटच्या धन दाबाखाली क्षपित झालेलं पेडॉट द्रवातल्या ऑक्सिजनशी क्रिया करून हायड्रोजन पेरॉक्साइड करू शकतं. पेशींच्या शेजारी तासन्‌तास चालणाऱ्या प्रयोगात गेटचा दाब शक्य तितका कमी ठेवावा.

लवचीक पडद्यावर हा माल घालायची रूढ पद्धत अशी: पॅरिलीन-सी २ मायक्रॉन, त्यावर सोन्याच्या तारा, त्यावर पुन्हा २ मायक्रॉन पॅरिलीन सिलेनच्या पकडीसह, मग १-२ टक्के साबणाचा पातळ हात, आणि वरून तिसरं, काढून टाकायचं पॅरिलीन. ऑक्सिजन प्लाझ्माने खिडक्या कोरायच्या, पेडॉट फिरवायचं, एक मिनिट ११० अंशांवर हलकं भाजायचं, आणि मगच वरचं पॅरिलीन चिमट्याने सोलायचं. १४० चं तासभराचं भाजणं सोलल्यानंतर. हा क्रम उलटला तर थर आधी कडक होतो आणि सोलताना खिडकीच्या कडेवरून फाटून निघतो. इलेक्ट्रोडच्या कडा दातेरी दिसल्या तर नव्वद टक्के वेळा हेच झालेलं असतं. साबणाचा हात जाड झाला तर उलट तो पॅरिलीनच्या खिडकीत घुसतो आणि पेडॉटची पकडच बसत नाही.

जाहिरातीत आणि कधी कधी शोधनिबंधांतही 'मऊ, मेंदूसारखा' असं म्हटलेलं असतं, ते या मालाला तरी लागू होत नाही. मेंदूची ऊती किलोपास्कलमध्ये मोजली जाते, आणि गॉप्स घातलेला कोरडा थर गिगापास्कलमध्ये. न्यूरोग्रिडसारखा पडदा वळणावळणांवर बसतो तो पेडॉट मऊ आहे म्हणून नाही, तर एकूण जाडी ४ मायक्रॉन आहे म्हणून. वाकण्याचा ताठरपणा जाडीच्या घनाने वाढतो. जाडी निम्मी केली की ताठरपणा आठपट कमी. लवचीकपणा हवा असेल तर पैसे पॅरिलीनच्या जाडीवर घालावेत.

निर्जंतुकीकरणाची काळजी कमी आहे. पेडॉट-पीएसएसचे इलेक्ट्रोड ऑटोक्लेव्ह सोसतात, हे प्रयोगांनी दाखवलं गेलं आहे. अट एवढीच की थर नीट जोडलेला आणि आधी धुतलेला असावा. प्राण्यांवरचं काम असेल तर संस्थेच्या प्राणी नीती समितीची परवानगी बाटली मागवायच्या आधी घ्यावी. परवानगी येईस्तोवर बाटली जुनी होते, हा अनुभव अनेक गटांचा आहे.

आता दुसरा मार्ग, ज्याचा उल्लेख सुरुवातीला केला. धातूचे इलेक्ट्रोड तयार असतील, विशेषतः तारा किंवा टोकदार प्रोब, तर ईडॉट हा मोनोमर आणि सोडियम पीएसएस घेऊन थेट इलेक्ट्रोडवर पॉलिमर चढवावा. १०० मिलिलिटर पाण्यात ईडॉट ०.१४ ग्रॅम आणि सोडियम पीएसएस २.०६ ग्रॅम. ईडॉट पाण्यात जेमतेम एवढंच विरघळतं, म्हणून तास-दोन तास ढवळावं लागतं. तळाशी तेलकट थेंब दिसत असतील तोवर वापरू नये. सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडच्या तुलनेत ०.९ ते १ व्होल्ट, आणि वेळ नव्हे तर एकूण प्रभार मोजून थांबावं, म्हणजे सगळे इलेक्ट्रोड सारखे येतात. यात स्पिन कोटर नको, प्लाझ्मा नको, गॉप्स नको, भाजणं नको, आणि थर फक्त धातूवरच वाढतो. इम्पिडन्स पीएच १००० इतकाच, कधी त्याहून चांगला उतरतो. ट्रान्झिस्टरचा चॅनेल मात्र याने सरळ बनत नाही.

त्याच कुटुंबातली एआय ४०८३ ही बाटली चुकून मागवू नये. नावं शेजारी शेजारी असतात आणि पुरवठादार कधी 'तेच आहे' म्हणून सांगतो. तिच्यात पेडॉट-पीएसएसचं प्रमाण १ : ६ आहे आणि ती मुद्दाम कमी वाहक ठेवलेली आहे, ओएलईडीच्या मधल्या थरासाठी. तिच्यावर कितीही ग्लायकॉल घातलं तरी ट्रान्झिस्टर उभा राहणार नाही. गॉप्सऐवजी डायव्हिनिल सल्फोन वापरणारे गट आहेत, आणि काचेवर तीव्र सल्फ्युरिक आम्लाने थर धुऊन पीएसएस काढण्याची पद्धतही आहे. दोन्हींत वाहकता जास्त राहते. पण डायव्हिनिल सल्फोन विषारी आहे, आणि तीव्र आम्लाची पायरी विद्यार्थ्यांच्या हाती एकट्याने देण्यासारखी नाही.

खरेदी करताना लिटरच्या बाटलीच्या मोहात पडू नये. २० मिलिलिटरच्या मिश्रणात चार इंची वेफर चार-पाच निघतात, आणि वर्षभर उघडी-बंद होत राहिलेल्या मोठ्या बाटलीच्या तोंडाशी सुकलेल्या पापुद्र्यांचे तुकडे प्रत्येक थरात येतात. १०० मिलिलिटरच्या एकाच लॉटच्या दोन बाटल्या घ्याव्यात, एक उघडावी, एक सीलबंद ठेवावी. बाटलीच्या तोंडाला लागलेला माल प्रत्येक वेळी ओल्या टिशूने पुसावा, आणि झाकणाखाली पॅराफिल्मची पट्टी गुंडाळावी. उरलेलं मिश्रण सिंकमध्ये ओतू नये. ते आम्ल आहे आणि गॉप्समुळे पाइपात जेली होऊन बसतं. आधी सोडाबायकार्बने पीएच ७ कडे आणावं, तेव्हाच पॉलिमर गुठळ्या धरून खाली बसतो, आणि तो घन कचरा रसायनांच्या डब्यात वेगळा द्यावा.